अब्जावा भाग आठवीच्या वर्गात : शाळेत नॅनोविज्ञान शिकवायचं तरी कसं?

नोव्हेंबर २०१६. नोटबंदीची घोषणा झाली आणि पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरू लागला. दोन हजारांच्या नव्या नोटेत म्हणे ‘नॅनो जीपीएस चिप’ बसवलेली होती. तिला बॅटरी लागत नाही, नोट जमिनीखाली १२० मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला तिचा पत्ता लागतो, असं बरंच काही त्यात होतं. काही वृत्तवाहिन्यांनी तर ही ‘बातमी’ ग्राफिक्ससकट दाखवली. ही निव्वळ अफवा असल्याचा खुलासा सरकारी पातळीवरून झाला, पण तोवर अनेक घरांत नोट उजेडासमोर धरून चिप शोधणं सुरू झालं होतं.

ही अफवा खोटी ठरवायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. जीपीएसचे उपग्रह फक्त संदेश पाठवतात, तुमच्या खिशातून आलेलं काहीही ते ऐकत नाहीत. त्यांच्या लहरीची लांबी असते साधारण १९ सेंटिमीटर. ती नीट पकडायची तर अँटेनाही त्या मानाने बऱ्यापैकी मोठी लागते. म्हणजे ‘नॅनो’ आणि ‘जीपीएस’ हे दोन शब्द शेजारी आले तिथेच शंका यायला हवी होती. ती आली नाही, कारण ‘नॅनो’ म्हणजे नेमकं किती याचा अंदाजच बहुतेकांना नव्हता. ‘काहीतरी अतिसूक्ष्म, अतिप्रगत आणि म्हणून काहीही करू शकणारं’ एवढाच त्याचा अर्थ डोक्यात होता.

पुढे हाच शब्द लशींबद्दलच्या अफवांत आला. खतांच्या, वॉटर प्युरिफायरच्या आणि क्रीमच्या जाहिरातींत तर तो रोज दिसतो. त्यामुळे नॅनोविज्ञान शाळेत शिकवायचं का, हा प्रश्न फक्त उद्याचे संशोधक घडवण्यापुरता उरत नाही. दुकानातली बाटली आणि मोबाइलवरचा मेसेज वाचता येण्याचाही तो प्रश्न आहे.

नॅनो म्हणजे किती?

‘नॅनो’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला, अर्थ ‘बुटका’. महाराष्ट्रात बरीच वर्षं या शब्दाचा अर्थ ‘एक लाखाची गाडी’ असाच होता, हा भाग वेगळा. विज्ञानात मात्र नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. मराठीत यासाठी ‘अब्जांश’ हा शब्द आहे आणि तो मूळ शब्दापेक्षा सरस आहे. ‘बुटका’ म्हटल्यावर किती बुटका ते कळत नाही, ‘अब्जांश’ म्हटलं की हिशेब शब्दातच येतो. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. मीटरच्या पट्टीचे शंभर कोटी सारखे तुकडे करा, त्यातला एक तुकडा म्हणजे नॅनोमीटर.

साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर या टप्प्यातल्या गोष्टींना नॅनो म्हणतात. डीएनएच्या गोफाची जाडी सुमारे २ नॅनोमीटर, करोना विषाणू १०० च्या आसपास आणि माणसाचा केस ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर. बोटाचं नख सेकंदाला जवळपास एक नॅनोमीटर वाढतं. मागचं वाक्य वाचायला तुम्हाला तीन सेकंद लागली असतील, तर तेवढ्यात नखं तीन नॅनोमीटर वाढली.

पण असे आकडे फळ्यावर लिहून काही साधत नाही. मोजपट्टीवरचा मिलिमीटर मुलांना दिसतो, त्याच्या खाली सगळा अंधार. पेशी, जंतू, विषाणू, रेणू, अणू या सगळ्यांची एकच वर्गवारी होते : ‘डोळ्यांना न दिसणारं’. या अंधारातही मजले आहेत आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शेकडो पटींची उडी मारावी लागते, हे लक्षात येणं हीच नॅनोविज्ञानाची खरी पहिली पायरी.

यासाठी एक लोकप्रिय उपमा दिली जाते : पृथ्वी जर एक मीटरची मानली, तर नॅनोमीटर म्हणजे एक गोटी. गणित बरोबर आहे, पण उपमा फारशी कामाची नाही. पृथ्वी केवढी आहे, हे तरी कुणी डोळ्यांनी पाहिलंय? एका न दिसणाऱ्या गोष्टीला दुसरी कल्पनेपलीकडची गोष्ट जोडली, एवढंच.

मैदानावरची मोजणी

त्यापेक्षा शाळेचं मैदान बरं. नियम एकच : एक नॅनोमीटर म्हणजे एक मिलिमीटर. थोडक्यात सगळं जग दहा लाख पटींनी मोठं करायचं.

आता सोन्याचा अणू होतो बारीक रव्याच्या कणाएवढा. डीएनएचा गोफ मोहरीच्या दाण्याइतका जाड. करोना विषाणू मोठ्या मोसंबीएवढा. एखादा जिवाणू आडव्या झोपलेल्या उंच माणसाएवढा, म्हणजे दीड-दोन मीटर. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मीटरची, शाळेच्या एखाद्या वर्गखोलीएवढी. आणि केसाची जाडी? ८० ते १०० मीटर. पोरांनी धावण्याच्या शर्यतीची लांबी मोजावी, तेवढा एक केस जाड.

अजून पुढे जाता येतं. तांदळाचा एक दाणा सहा किलोमीटरचा होईल, शेजारच्या गावापर्यंत पोचेल. आणि दीड मीटर उंचीची आठवीतली मुलगी? ती १५०० किलोमीटर लांब होईल. मुंबईत पाय ठेवून आडवी झाली तर डोकं रेल्वेमार्गाने दिल्लीच्याही पुढे.

या खेळाला चुना, मोजपट्टी, मोहरी आणि मोसंबी एवढंच सामान लागतं. विषाणू आणि जिवाणू यांच्यातला फरक मुलांनी पाठ केलेला असतो. पण एका हातात मोसंबी आणि समोर झोपलेला वर्गमित्र असं पाहिल्यावर मास्क, गाळणी, पाण्याचा फिल्टर या सगळ्यांकडे बघण्याची नजर बदलते. कोणत्या छिद्रातून कोण जाईल, हा प्रश्न मुलं आपणहून विचारायला लागतात.

दुसरा खेळ कात्रीचा. २८ सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी घ्यायची, मधोमध कापायची, एक अर्धा भाग बाजूला ठेवून उरलेला पुन्हा कापायचा. नॅनोमीटरपर्यंत पोचायला किती वेळा कापावं लागेल, असं आधी विचारलं तर उत्तरं हजार, लाख, कोटी अशी येतात. खरं उत्तर आहे फक्त २८. प्रत्यक्षात मात्र आठव्या कापणीलाच तुकडा एक मिलिमीटरच्या आसपास येतो आणि कात्री हात टेकते. बाराव्या कापणीला तो केसाच्या जाडीएवढा झाला असता. २८ सेंटिमीटर आणि २८ कापण्या हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोयीचा. या एका खेळात दोन गोष्टी होतात. घातांक म्हणजे काय ते हाताला कळतं आणि ‘मग शास्त्रज्ञ कोणती कात्री वापरतात?’ हा पुढच्या तासाचा प्रश्नही मिळतो.

लहान झालं की स्वभाव का बदलतो?

नुसतं लहान असणं हा काही विज्ञानाचा वेगळा विषय होऊ शकत नाही. नॅनोची गंमत अशी की, पदार्थ तोच राहतो आणि वागणं बदलतं.

याचं एक कारण पृष्ठभाग. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक-एक मिलिमीटरचे हजार घन केले तर एकूण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर. आणि एक-एक नॅनोमीटरचे केले तर? ६,००० चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ दीड एकर. साखरेच्या एका चौकोनी वडीएवढ्या ऐवजात दीड एकराचं रान दडलेलं असतं. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होतात, त्यामुळे एवढं रान मोकळं झालं की पदार्थ भलताच चपळ होतो. वर्गात हे दाखवायला खडीसाखर आणि पिठीसाखर पुरते, कोणती आधी विरघळते ते बघायचं. फक्त पिठीसाखर म्हणजे नॅनो नव्हे, हे त्याच तासाला सांगून टाकायला हवं. तिचा कणसुद्धा हजारो नॅनोमीटरचा असतो. हे न सांगितल्यामुळे ‘बारीक म्हणजे नॅनो’ असा नवाच गैरसमज तयार होतो.

दुसरं उदाहरण सोन्याचं. दागिन्यातलं सोनं पिवळं, पण त्याचे १५-२० नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत असतील तर ते पाणी माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये यावर सविस्तर लिहिलं होतं. त्याने बनवलेले नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेले आहेत. या लाल पाण्यात मीठ टाकलं की कण एकमेकांना चिकटतात आणि रंग निळसर-जांभळा होतो. प्रयोग देखणा आहे, पण त्यासाठी लागणारं सोन्याचं क्षारद्रव्य महाग. बहुतेक शाळांना हा प्रयोग व्हिडिओवरच पाहावा लागेल, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

तिसरं उदाहरण मात्र फुकट आहे आणि बऱ्याच परसांत उगवतं. अळू.

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टिकत नाही, मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. क्षणभंगुर गोष्टीला मराठीत ‘अळवावरचं पाणी’ म्हणतात ते यामुळेच. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर अशा पानांच्या पृष्ठभागावर काही हजार नॅनोमीटरचे उंचवटे दिसतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे नॅनो आकाराचे स्फटिक. पाणी फक्त त्यांच्या टोकांना टेकतं, खाली हवाच राहते. कमळाच्या पानाचंही तसंच. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये यावर गाजलेला निबंध लिहिला आणि या गुणाला ‘लोटस इफेक्ट’ हे नाव रूढ झालं. पुढे डाग न धरणारे रंग आणि कापडं याच कल्पनेवर बनली.

वर्गात पानाचा एक कोपरा साबणाच्या पाण्याने चोळायचा, स्वच्छ धुवायचा आणि पुन्हा थेंब टाकायचा. चोळलेल्या जागी थेंब आता पसरतो. रंग तोच, पान तेच. बिघडलं ते फक्त डोळ्यांना न दिसणारं बांधकाम. पाठ्यपुस्तकातल्या तीन पानांचं काम हा एक कोपरा करतो. उरलेल्या पानांच्या वड्या करायला हरकत नाही, फक्त साबण लावलेलं पान बाजूला काढायचं.

परातीतला नॅनोमीटर

नॅनोमीटर मोजायला कोट्यवधींचं यंत्रच लागतं, हा समज शिक्षकांमध्येही पक्का आहे. तो मोडायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो.

बेंजामिन फ्रँकलिनने लंडनमधल्या क्लॅपहॅम कॉमनच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं आणि ते पसरत पसरत अर्धा एकर पाणी आरशासारखं गुळगुळीत झालेलं पाहिलं. हे वर्णन १७७४ मध्ये प्रसिद्ध झालं. फ्रँकलिनने पुढचं गणित केलं नाही, पण ते सहावीचं गणित आहे : तेलाचं आकारमान भागिले क्षेत्रफळ. पाच मिलिलिटरचा चमचा धरला तर तेलाच्या थराची जाडी येते सुमारे अडीच नॅनोमीटर. म्हणजे एका तळ्यावर एका रेणूच्या जाडीची चादर अंथरली गेली होती आणि ती डोळ्यांना दिसतही होती.

शंभरेक वर्षांनी हाच धागा एका स्वयंपाकघरात पोचला. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये अग्नेस पॉकल्स नावाची मुलगी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम सांभाळत होती. त्या काळी तिथल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद होती. भांडी घासताना पाण्यावरचा तेलकट तवंग कसा वागतो, हे तिने निरखायला सुरुवात केली. पत्र्याची एक उथळ पन्हळ आणि तिच्यावर सरकणारी पट्टी असं साधं उपकरण बनवून तिने वर्षानुवर्षं मोजमापं घेतली. १८९१ मध्ये तिने ती पत्राने इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना कळवली. रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेकडे पाठवलं आणि ते छापून आलं. तिच्या पन्हळीच्या धर्तीवर आयर्विंग लँगम्युअर यांनी पुढे उपकरण विकसित केलं. त्यांना पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ चं नोबेल मिळालं. पॉकल्स यांना त्याच वर्षी, सत्तरीत, मानद डॉक्टरेट मिळाली. ‘आमच्या शाळेत लॅब नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक वर्गात ही गोष्ट सांगायला हवी.

आता वर्गातला प्रयोग. एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या जुन्या पुस्तकात तो होता. ओलेइक आम्ल हे वनस्पती तेलांत सापडणारं स्निग्धाम्ल. त्याचा १ घन सेंटिमीटर २० घन सेंटिमीटर अल्कोहोलमध्ये विरघळवायचा. त्यातला १ घन सेंटिमीटर घेऊन पुन्हा २० पट पातळ करायचा. म्हणजे झालं चारशेपट पातळ द्रावण. एका मोठ्या, निर्मळ घासलेल्या परातीत पाणी घ्यायचं, वर टाल्कम पावडर अगदी विरळ भुरभुरायची आणि मधोमध द्रावणाचा एक थेंब सोडायचा. अल्कोहोल उडून जातं आणि विरघळतं, आम्लाचा थर पसरतो, पावडर कडेला ढकलली जाते आणि मधे स्वच्छ वर्तुळ उमटतं.

समजा थेंब ०.०२ घन सेंटिमीटरचा आहे आणि वर्तुळाचा व्यास १८ सेंटिमीटर आला. थेंबातलं आम्ल ०.००००५ घन सेंटिमीटर, वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे २५४ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की जाडी येते जवळपास २ नॅनोमीटर. रेणूची लांबी स्टीलच्या परातीत, फूटपट्टीने मोजली! एका गटाचं उत्तर दीड येईल, दुसऱ्याचं तीन. ते का, यावरची चर्चा उत्तराइतकीच मोलाची. परातीला साबणाचा अंश राहिला असेल तर प्रयोग फसतो, तेवढी काळजी घ्यायची. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे जवळ ज्योत नको.

एवढंही जमणार नसेल तर साबणाचा फुगा आहेच. तारेच्या कड्यात साबणाचा पडदा धरून तो उभा ठेवला की पाणी खाली ओघळतं, वरचा भाग पातळ होत जातो आणि रंगांचे पट्टे उतरताना दिसतात. फुटण्याच्या जरा आधी अगदी वरचा पट्टा काळपट, रंगहीन होतो. तिथे पडदा प्रकाशाच्या लहरीच्या लांबीपेक्षा, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरपेक्षा, खूपच पातळ झालेला असतो, काही दशक नॅनोमीटर किंवा त्याहूनही कमी.

न दिसणारं ‘बघायचं’ कसं?

अणूंची चकचकीत रंगीत चित्रं पाहून मुलांना वाटतं की शास्त्रज्ञ खूप ताकदीच्या भिंगातून बघतात. तसं नाही. दृश्य प्रकाशाची लहरच अणूपेक्षा हजारो पट लांब, तिने अणू दिसणार कसा? १९८१ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिक रोहरर यांनी बनवलेला सूक्ष्मदर्शक बघत नाही, चाचपतो. अतिशय टोकदार सुई पृष्ठभागावरून फिरते आणि उंचसखलपणाचा नकाशा बनतो. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं. १९८९ मध्ये आयबीएमच्याच डॉन आयग्लर यांनी अशाच सुईने झेनॉनचे ३५ अणू सरकवून कंपनीचं नाव लिहिलं. चित्रातले रंग मात्र संगणकाने भरलेले असतात. अणूला तसा रंग नसतो, हे सांगणं बहुधा राहून जातं.

वर्गात यासाठी चपलांचं रिकामं खोकं घ्यायचं. आत डबी, खडू, चेंडूचा अर्धा भाग चिकटवायचा आणि झाकणाला चौकटीत भोकं पाडायची. प्रत्येक भोकातून काडी घालून ती किती आत जाते ते मोजायचं आणि आलेखाच्या कागदावर नोंदवायचं. आत काय आहे हे न उघडता चित्र काढायचं. काडी जाड असेल तर चित्र ढोबळ येतं, भोकं जवळजवळ असतील तर नेमकं. झाकण मात्र शेवटपर्यंत उघडायचं नाही. पोरं चिडतात. पण शास्त्रज्ञांनाही अणूचं झाकण उघडून खात्री करता येत नाही, ते याच चिडचिडीतून पोचतं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात याच कल्पनेचं महागडं रूप वापरून पाहिलं गेलं. गेल जोन्स आणि सहकाऱ्यांनी शालेय विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून विद्यापीठातला सूक्ष्मदर्शक चालवायला दिला. हातातल्या दांडीतून विषाणूचा उंचवटा ‘जाणवत’ होता. आधी विषाणू म्हणजे कागदावरचं सपाट चित्र समजणारी मुलं नंतर त्याला घनाकृती वस्तू म्हणून पाहू लागली, असं त्यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवलं आहे.

जगाने काय केलं?

नॅनोविज्ञानाच्या जन्मकथेत शाळा पहिल्यापासून आहे. रिचर्ड फाइनमन यांच्या २९ डिसेंबर १९५९ च्या ज्या प्रसिद्ध भाषणाचा दाखला नेहमी दिला जातो, त्यात त्यांनी हायस्कूलांमध्ये स्पर्धा लावण्याची गमतीशीर कल्पना मांडली होती : एका शाळेने टाचणीवर बारीक अक्षरात काही लिहून दुसरीकडे पाठवावं, दुसरीने त्याच अक्षरावरच्या टिंबात उत्तर लिहून परत करावं.

खरा पैसा आला तो २००० नंतर. अमेरिकेने राष्ट्रीय नॅनो कार्यक्रम सुरू केला आणि त्यातला काही वाटा शिक्षणाकडे वळला. २००५ मध्ये विज्ञान संग्रहालयांचं मोठं जाळं उभं राहिलं. शॉन स्टीव्हन्स, लीअॅन सदरलँड आणि जोसेफ क्रायचिक यांच्या २००९ च्या पुस्तकात शालेय नॅनोविज्ञानाच्या नऊ मध्यवर्ती कल्पना मांडल्या गेल्या. त्यात आकार आणि प्रमाण हा मुद्दा आहे, तसाच विज्ञान आणि समाज यांच्या नात्याचाही आहे. तैवाननेही त्याच सुमारास शाळांसाठी स्वतंत्र कार्यक्रम राबवला. पुढे निधीची हवा बदलली, संग्रहालयांच्या जाळ्याने इतर विषयही हाती घेतले. वेगळा ‘नॅनो’ विषय बहुतेक ठिकाणी टिकला नाही. टिकलं ते आकार आणि प्रमाणाचं सूत्र, कारण ते आधीपासूनच्या विषयांत मुरवता येत होतं.

आणि आपल्याकडे?

भारताने २००१ मध्ये नॅनोविज्ञानाचा पहिला राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. २००७ मध्ये एक हजार कोटी रुपयांचं ‘नॅनो मिशन’ आलं. भर संशोधनावर राहिला, आणि ते स्वाभाविकही होतं. शाळेच्या पातळीवर मात्र गंमत अशी की नॅनो तिथे आहे, फक्त कुणी नाव घेत नाही. एनसीईआरटीच्या नववीच्या विज्ञानात द्रावण आणि कलिल यांच्यातला फरक सांगताना द्रावणातले कण एक नॅनोमीटरपेक्षा लहान असतात, असं अनेक वर्षं छापलं जात आलंय. दुधाच्या पाण्यातून टॉर्चचा झोत दिसतो आणि मिठाच्या पाण्यातून दिसत नाही, हा टिंडल परिणाम बहुतेकांनी शिकलेला असतो. तो नॅनोविज्ञानाचाच धडा आहे. परीक्षेत मात्र व्याख्या विचारली जाते आणि संपतं.

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या रसायनशास्त्रात नॅनोरसायनशास्त्र आहे, हरित रसायनशास्त्राच्या जोडीला, सोळाव्या म्हणजे शेवटच्या प्रकरणात. शेवटच्या प्रकरणांचं बारावीत काय होतं, हे कुणाही विद्यार्थ्याला विचारा. शिवाय तोवर कला आणि वाणिज्य शाखेची मुलं विज्ञानाच्या वर्गातून कधीच बाहेर पडलेली असतात. अफवांचा मेसेज तर त्यांनाही येतोच.

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सुरू झाल्या. त्यांत थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सर आले. चांगली गोष्ट आहे. पण पुण्यातल्या आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून जी खेळणी वर्षानुवर्षं बनवली, त्या पठडीत नॅनो शिकवणं जास्त परवडणारं आहे आणि जास्त शाळांपर्यंत पोचणारं. परात, अळू, साबण आणि खोकं यांना अनुदानाचा प्रस्ताव लागत नाही.

एक धोका मात्र आपल्याकडे जास्त आहे. ‘हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं’ हे वाक्य. दमास्कसच्या जुन्या तलवारीत कार्बनच्या नॅनोनळ्या सापडल्याचं ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं, आणि अशा तलवारींचं वुट्झ पोलाद भारतातून जात असे, हे खरं. लोहारांच्या कसबाला दाद द्यायलाच हवी. पण उत्तम पोलादाची कृती माहीत असणं आणि नॅनोमीटर माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजीच्या लोणच्याला बुरशी लागत नाही म्हणून आजीने सूक्ष्मजीवशास्त्र वाचलं होतं, असं कुणी म्हणत नाही.

बाटलीवरचं लेबल

ग्रामीण महाराष्ट्रातल्या मुलांच्या घरात ‘नॅनो’ शब्द बहुतेकदा एका बाटलीवर येतो. इफकोने २०२१ मध्ये नॅनो युरिया बाजारात आणला. ५०० मिलिलिटरची बाटली, २० ते ५० नॅनोमीटरचे कण, पानांवर फवारायचं, आणि दावा असा की एक बाटली युरियाच्या एका पोत्याचं काम करते.

नववीच्या वर्गाने इथे आधी गणित करावं. सुरुवातीच्या त्या बाटलीत नत्राचं प्रमाण होतं ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम नत्र. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे जवळपास २०.७ किलो. फरक हजारपटीचा. मग प्रश्न असा : कण नॅनो आहेत म्हणून पान ते अधिक चांगलं शोषतं, हे मान्य केलं तरी हजारपट तूट भरून निघेल का? जमिनीत टाकलेल्या युरियातला मोठा भाग वाया जातो, हे खरं. पण तो किती वाया जातो आणि उरलेल्याचा हिशेब कसा जुळतो? इफकोच्या चाचण्या उत्पादनात वाढ दाखवतात. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या शेतचाचण्यांत, नेहमीचं नत्र कमी करून नॅनो युरिया वापरल्यावर गहू आणि भात या दोन्हींचं उत्पादन घटलेलं आढळलं. वाद शास्त्रज्ञांमध्ये चालू आहे. निकाल वर्गाने लावायचा नाहीच, पण दोन चाचण्यांत काय वेगळं होतं, कोणत्या रानात नेहमीचं खत किती दिलं होतं, हे विचारता आलं पाहिजे.

आणि जागा असेल तर शाळेच्या मागे तीन वाफे करता येतात. एकाला फक्त पाणी, दुसऱ्याला साधा युरिया, तिसऱ्याला नॅनो युरियाची फवारणी, तीही शिक्षकांनी, मास्क आणि हातमोजे घालून. माती, बियाणं, ऊन, पाणी तिन्हीकडे सारखं. मेथी लावू नये, ती शेंगवर्गीय असल्याने हवेतलं नत्र स्वतःच मिळवते आणि सगळा हिशेब बिघडवते. पालक चालेल. तो महिना-सव्वा महिन्यात काढणीला येतो आणि वजन करायला वाण्याचा तराजू पुरतो.